उभ्या मोटारसायकलची बॅटरी : मेंटेनर चार्जर निवडताना काय पाहावे?

यंत्रांच्या निगेचा विषय निघाला की ट्रॅक्टर, पॉवर टिलर, फवारणी पंप यांच्याबद्दल बोलले जाते. मोटारसायकलबद्दल फारसे कोणी बोलत नाही, कारण ती रोज फिरते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तसे नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोपर्यंत गाडी ओसरीत उभी असते. कुठे मुलगा शिक्षणासाठी शहरात असतो, कुठे जुनी गाडी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून असते. गरज पडते तेव्हा सेल्फचे बटण दाबले की नुसता ‘टक-टक’ आवाज येतो.

पूर्वी यावर किक हा उपाय होता. १ एप्रिल २०२० पासून दुचाकींना बीएस-६ निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटरच्या जागी इंधन इंजेक्शन आले. या गाड्यांत पेट्रोलचा पंप आणि कंट्रोल युनिट दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर अनेक गाड्या किकने सुरू होत नाहीत, ढकलूनही होत नाहीत. काही मॉडेलना तर किकच नाही. पावसाळ्यात वस्तीवर कोणाला साप चावला तर रुग्णालय गाठण्यासाठी पहिले वाहन बहुतेक वेळा हीच मोटारसायकल असते. त्यामुळे उभ्या गाडीची बॅटरी चार्ज ठेवणे ही फक्त पैशांच्या बचतीची गोष्ट नाही.

उभी बॅटरी का उतरते?

साठवणीतले बियाणे दिसायला निपचित असले तरी त्याचे श्वसन चालू असते आणि तापमान वाढले की ते वेगाने होते. शिसे-आम्ल बॅटरीचेही तसेच आहे. काहीही न जोडता ठेवली तरी ती आतल्या आत थोडी थोडी उतरत राहते. साध्या, पाणी घालायच्या बॅटरीत २५ ते ३० अंश तापमानाला हा ऱ्हास महिन्याला साधारण ५ टक्के किंवा थोडा जास्त असतो. सीलबंद बॅटरीत तो याहून कमी असतो. तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो. एप्रिल-मे महिन्यात मराठवाडा किंवा विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

दुसरे कारण म्हणजे चावी बंद असतानाही गाडी घेत असलेला प्रवाह. डिजिटल मीटरमधले घड्याळ आणि कंट्रोल युनिटची मेमरी मिळून एखादा मिलिअँपिअर घेतात असे धरू. महिन्याला हे सुमारे ०.७ अँपिअर-तास होतात. बॅटरीवर ‘९ एएच’ लिहिलेले असेल तर हा तिचा १२ वा-१३ वा हिस्सा झाला. पण चोरीच्या भीतीने जीपीएस बसवला असेल आणि तो सरासरी १० मिलिअँपिअर घेत असेल, तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास जातात. अशी ९ एएच बॅटरी १९ दिवसांत अर्धी आणि साधारण ३७ दिवसांत पूर्ण रिकामी होते. ‘नवी बॅटरी महिन्यात गेली, दुकानदाराने फसवले’ अशी तक्रार येते तेव्हा आधी गाडीला काय काय जोडले आहे ते पाहावे.

उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज होते, मग बिघडले कुठे? बॅटरी उतरताना दोन्ही प्रकारच्या प्लेटवर शिशाचे सल्फेट तयार होते. ते ताजे आणि बारीक असेपर्यंत चार्जिंगमध्ये विरघळून जाते. बॅटरी उतरलेल्या स्थितीतच आठवडेच्या आठवडे राहिली तर त्याचे मोठे, कडक स्फटिक बनतात आणि ते सहजासहजी मोडत नाहीत. जमिनीत सल्फेट म्हणजे पिकाला मिळणारे गंधक, पण प्लेटवर ते घट्ट बसले की बॅटरीची क्षमता कायमची जाते. म्हणून बॅटरी उतरू न देणे हाच खरा उपाय आहे.

साध्या मल्टिमीटरने बॅटरीची स्थिती कळते. चार्जिंग बंद करून किंवा गाडी चालवून झाल्यावर किमान पाच-सहा तास थांबावे, मग मोजावे. १२.७ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. उभ्या गाडीची बॅटरी १२.४ च्या खाली जाऊ देऊ नये.

‘रोज दहा मिनिटे चालू करतो’

ही सवय अनेकांना आहे. हेतू चांगला, पण फायदा फार थोडा. सेल्फ मारताना बॅटरीतून मोठा प्रवाह जातो आणि जागेवर मंद चालणाऱ्या इंजिनचे चार्जिंग कमी असते. त्यात १ एप्रिल २०१७ पासून विकल्या गेलेल्या दुचाकींना दिवसाही हेडलाइट चालू ठेवण्याची सक्ती आहे. त्या वेळी तयार होणाऱ्या विजेतला मोठा वाटा तिथेच खर्च होतो. शिवाय इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश राहतो. चालवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा रस्त्यावर अर्धा तास चालवावी, नाहीतर तिला हात लावू नये.

मेंटेनर खरेच लागतो का?

बॅटरी मेंटेनर म्हणजे महिनोन्‌महिने जोडून ठेवता येईल असा छोटा स्वयंचलित चार्जर. तो घेण्याआधी आपली गरज तपासावी. विक्रेत्याला हा प्रश्न आवडणार नाही, पण अनेक शेतकऱ्यांना मेंटेनरची गरज नसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. घराला कुलूप आहे, काळ मुख्यतः हिवाळ्याचा आहे. अशा घरात कोणाच्या देखरेखीविना पाच महिने चार्जर चालू ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्यापेक्षा निघण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि तिची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. वायर काढली की गाडीचा प्रवाह थांबतो, फक्त बॅटरीचा स्वतःचा ऱ्हास उरतो. चांगल्या स्थितीतली सीलबंद बॅटरी हिवाळ्यातले हे महिने एवढ्यावर सहज काढते. घरी कोणी असेल तर त्यांनी महिना-दीड महिन्यातून एकदा ती चार्ज करून आणावी. खर्च जवळपास काहीच नाही.

मेंटेनर उपयोगी पडतो तो वेगळ्या परिस्थितीत. गाडी उन्हाळ्यात उभी राहणार आहे, जीपीएस काढता येत नाही, गाडी अचानक लागू शकते म्हणून वायर काढून चालत नाही, किंवा घरात मोटारसायकल, ट्रॅक्टर, फवारणी पंप अशा तीन-चार बॅटऱ्या आहेत. शेवटच्या कारणासाठी घेतलेला मेंटेनर सर्वांत लवकर पैसे वसूल करतो. तो आळीपाळीने सगळीकडे वापरता येतो.

‘ऑटोमॅटिक’ या शब्दावर विसंबू नका

बाजारात तीन प्रकारची यंत्रे जवळपास एकाच नावाने विकली जातात. पहिला, जुन्या धाटणीचा ट्रान्सफॉर्मर असलेला चार्जर. बॅटरी भरली की नाही हे त्याला कळत नाही, तो प्रवाह देतच राहतो. माणूस जवळ असेल तेव्हा काही तास वापरायला तो ठीक आहे. महिनाभर जोडून ठेवला तर बॅटरीतले पाणी उकळल्यासारखे उडून जाते आणि प्लेट उघड्या पडतात. सीलबंद बॅटरीत पाणी घालण्याची सोयच नसते, ती फुगते.

दुसरा, भरल्यावर हिरवा दिवा लावणारा स्वस्त चार्जर. यात घोळ असा की हिरवा दिवा लागला म्हणजे व्होल्टेज खाली आलेच असे नाही. काही चार्जर दिवा बदलतात, पण बॅटरीवर १४ व्होल्टपेक्षा जास्त दाब तसाच ठेवतात.

तिसरा खरा मेंटेनर. तो आधी ठरावीक प्रवाहाने बॅटरी भरतो, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून उरलेली भर घालतो आणि भरल्यावर १३.२ ते १३.८ व्होल्टवर येऊन थांबतो. या शेवटच्या टप्प्याला ‘फ्लोट’ म्हणतात. काही मेंटेनर फ्लोटऐवजी पूर्ण बंद होतात आणि बॅटरी थोडी उतरली की आपोआप पुन्हा सुरू होतात. दोन्ही पद्धती चालतात.

यातला कोणता चार्जर आपल्या हातात आहे हे ओळखायला खोक्यावरचा मजकूर नव्हे, मल्टिमीटर लागतो. चांगल्या स्थितीतली बॅटरी जोडावी, हिरवा दिवा लागू द्यावा आणि त्यानंतर काही तासांनी, शक्य तर दुसऱ्या दिवशी, चार्जर चालू असतानाच बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. आकडा १३.२ ते १३.८ मध्ये असेल, किंवा चार्जर थांबून व्होल्टेज हळूहळू १३ च्या खाली उतरत असेल, तर तो जोडून ठेवण्यालायक आहे. १४ किंवा त्याहून जास्त असेल तर तो फक्त समोर बसून वापरायचा चार्जर. ही चाचणी परत करण्याची मुदत संपण्याआधी करावी.

बॅटरीवरच्या फवारणी पंपासोबत आलेल्या चार्जरचीही अशीच परीक्षा घेता येते. पंपात १२ व्होल्ट, ८ किंवा १२ एएचची सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी असेल, तर ती आणि मोटारसायकलची बॅटरी एकाच जातीच्या आहेत. चार्जर या चाचणीत उतरला तर वेगळा घेण्याची गरजही पडणार नाही. पंप लिथियम बॅटरीचा असेल तर मात्र त्याचा चार्जर गाडीला लावू नये आणि गाडीचा चार्जर त्या पंपाला लावू नये. दोघांचे व्होल्टेज वेगळे असते, त्यात लिथियमला आगीचा धोका आहे.

आपल्याकडची वीज, आपल्याकडचे ऊन

अनेक मेंटेनर थंड देशांतील ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. आपल्याकडे आणखी तीन-चार गोष्टी पाहाव्या लागतात. माझ्या मते त्या अँपिअरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

सर्वांत आधी, वीज जाऊन परत आल्यावर चार्जर काय करतो? बटण दाबून मोड निवडायच्या काही चार्जरमध्ये वीज आली की यंत्र नुसते जागे होते, चार्जिंग सुरू करत नाही. पुन्हा बटण दाबावे लागते. आपण समजतो गाडी चार्जिंगला आहे, आणि पहिल्याच भारनियमनानंतर ते बंद पडलेले असते. दुकानातच मोड निवडून प्लग बंद करावा, मिनिटभराने चालू करावा आणि तो स्वतःहून आधीच्या मोडवर येतो का ते पाहावे. येत नसेल तर घेऊ नये. ग्रामीण भागासाठी ही एक अट मी सर्वांत वर ठेवतो.

दुसरे, वीज नसताना चार्जर उलट बॅटरीतून किती प्रवाह ओढतो? बॅटरी आणि चार्जरच्या मध्ये मल्टिमीटर लावून मिलिअँपिअरमध्ये हे मोजता येते. समजा तो ५ मिलिअँपिअर घेतो. रात्रीच्या आठ तासांत ०.०४ अँपिअर-तास, म्हणजे काहीच नाही. पण गावची डीपी जळाली आणि १५ दिवस वीजच आली नाही, तर १.८ अँपिअर-तास गेले. हा ९ एएच बॅटरीचा पाचवा हिस्सा. एखाद-दुसऱ्या मिलिअँपिअरवर भागवणारे चार्जर मिळतात, ते घ्यावेत. डीपी जळाल्याचे कळले की चार्जर काढून ठेवावा.

तिसरे, इनपुट व्होल्टेज. लाइनच्या टोकाला असलेल्या वस्तीवर पंप चालू असताना दाब खूप खाली येतो आणि पंप बंद झाल्यावर उसळतो. चार्जरच्या पट्टीवर खालची आणि वरची दोन्ही मर्यादा वाचावी. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला चार्जर कमी दाबाला टिकेल, पण रात्री दाब २४० च्या वर जात असेल तर वरची मर्यादा जास्त असलेला शोधावा.

चौथे, उष्णता. फ्लोटचे आकडे २५ अंश तापमानासाठी दिलेले असतात. त्यापुढे दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी साधारण ०.०२ व्होल्ट कमी हवेत. शेडमध्ये ४० अंश असतील तर १३.५ ऐवजी १३.२ व्होल्ट पुरेसे. हे आपोआप करणारा, तापमान भरपाई असलेला मेंटेनर उत्तम. तो नसेल तर फ्लोट आकडा खालच्या बाजूचा असलेला निवडावा आणि बॅटरी शक्यतो काढून घरात, सावलीत ठेवावी. काही चार्जरवर बर्फाच्या कणाचे चिन्ह असलेला मोड असतो. तो व्होल्टेज वाढवतो आणि मुख्यतः कडाक्याच्या थंडीसाठी असतो. आपण मोटारसायकलचे चिन्ह असलेला मोड वापरावा.

किती अँपिअरचा घ्यावा?

जास्त अँपिअर म्हणजे चांगला, हा समज सोडावा. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाच्या आसपास असावा. ९ एएचला सुमारे ०.९ अँपिअर, ४ एएचला ०.४. अनेक बॅटऱ्यांवर हा आकडा छापलेला असतो. फक्त मोटारसायकलसाठी घ्यायचा तर ०.५ ते १ अँपिअरचा मेंटेनर पुरतो.

ट्रॅक्टरच्या मोठ्या बॅटरीला हा छोटा मेंटेनर कसा पुरेल? भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी पुरतो. ८८ एएच बॅटरीचा महिन्याचा ऱ्हास ५ टक्के धरला तर ४.४ अँपिअर-तास होतात. १ अँपिअरचा चार्जर एवढे पाच तासांत भरून काढतो. रिकामी बॅटरी भरायची असेल तर मात्र त्याला चार दिवसांहून जास्त लागतील. दोन्ही कामे करायची असतील तर साधारण १ आणि ४ अँपिअर असे दोन मोड असलेला घ्यावा आणि मोटारसायकलला चुकूनही ४ अँपिअरचा मोड लागणार नाही याची खबरदारी घ्यावी. घरच्या इन्व्हर्टरच्या वायरींवर गाडीची बॅटरी लावण्याचा उद्योगही काही जण करतात. इन्व्हर्टर मोठ्या बॅटरीसाठी बनवलेला असतो आणि त्याचा प्रवाह १० अँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. छोटी बॅटरी त्यात तापते, फुटूही शकते.

‘सल्फेट काढून बॅटरीला नवजीवन’ अशी जाहिरात असलेल्या मोडसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. थोड्याफार बसलेल्या सल्फेटवर तो कधी काम करतो, पण वर्षभर मेलेली बॅटरी त्याने उठेल या आशेवर राहू नये. उलटी वायर जोडली तरी न जळणारे संरक्षण मात्र हवेच.

शेडमध्ये वीजच नसेल तर सौर पॅनेलचा पर्याय आहे. १० वॉटचे पॅनेल उन्हात साधारण अर्धा अँपिअर देते, ते पुरेसे आहे. मात्र मधे चार्ज कंट्रोलर हवाच. अशा पॅनेलचे खुले व्होल्टेज २१-२२ व्होल्ट असते आणि थेट जोडल्यास ते छोट्या बॅटरीला भरल्यानंतरही चार्ज करत राहते. कंट्रोलर स्वतः किती प्रवाह घेतो तेही पाहावे. आभाळ भरलेल्या आठवड्यांत पॅनेलकडून फार अपेक्षा ठेवू नये.

जोडताना

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून फ्रेमला लागला तरी ठिणगी पडत नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. कोरडे करून व्हॅसलीन लावावे. पाण्याच्या बॅटरीत पातळी दोन रेषांच्या मध्ये ठेवावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरावे. बोअरचे किंवा घरच्या फिल्टरचे पाणी नको. प्लेट उघड्या असतील तर त्या बुडतील इतके पाणी आधी घालावे, उरलेले चार्जिंगनंतर.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला तर ठिणगीने पेट घेऊ शकतो. त्यामुळे चार्जर लावलेली गाडी कडब्याजवळ, कापसाच्या ढिगाजवळ किंवा डिझेलच्या कॅनजवळ उभी करू नये. बंद पेटीत बॅटरी ठेवून चार्जिंग करू नये. खतांच्या गोण्याही दूर हव्यात. युरियासारखी खते हवेतली ओल धरतात आणि त्या ओलीत टर्मिनल व वायरी लवकर गंजतात. शेडमध्ये उंदीर असतील तर चार्जरची वायर जमिनीवरून न नेता वरून घ्यावी. बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीत फ्यूज असलेला संच मिळतो, तोच घ्यावा.

तीन-चार यंत्रांसाठी एकच मेंटेनर असेल तर महिन्याचे वेळापत्रक करावे. मोटारसायकलला दोन दिवस, पंपाला एक दिवस, ट्रॅक्टरला तीन-चार दिवस, मग चार्जर बाजूला. प्रत्येक वेळी जोडण्याआधीचे व्होल्टेज खडूने शेडच्या भिंतीवर लिहावे. एखाद्या बॅटरीचा आकडा दर महिन्याला आधीपेक्षा खाली येत असेल, तर एकतर कुठेतरी प्रवाह गळतो आहे किंवा ती बॅटरी संपत आली आहे. निगेटिव्ह वायर काढून एक महिना ठेवावी. तरीही आकडा तसाच घसरला तर पेरणीच्या धांदलीआधी नवी आणावी.